आपलं माणूस आजारानं गेल्यावर संशोधनाकडे वळायचं असेल तर

माझा धाकटा भाऊ १९ व्या वर्षी गेला. त्याला सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता, एसएस, म्हणजे नुसता वाहक नव्हे, पूर्ण ग्रस्त. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात नुसतं 'सिकल' म्हणतात. संध्याकाळी ताप आला, रात्रभर हाडं फुटल्यासारखी दुखली, सकाळी धाप लागली आणि दुसऱ्या दिवशी तो नव्हता. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलमध्ये अचानक फुप्फुसांवर येणारं संकट. मी तेव्हा तालुक्याच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते, बीएस्सीनंतर डीएमएलटी केलेली. दिवस कार्य व्हायच्या आतच मनाशी ठरवलं होतं की आता आयुष्यभर यावरच काम करायचं.

त्याला बारा वर्षं झाली. मधे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, केलं, दोन संशोधन प्रकल्पांत गावोगाव फिरले, आज एका प्रकल्पात क्षेत्रकामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. अधूनमधून फोन येतात. "ताई, आई कॅन्सरनं गेली, मला त्यावरच संशोधन करायचंय, कुठून सुरू करू?" कधी किडनीचा आजार असतो, कधी टीबी. फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते आहे. माझी उदाहरणं सिकलची आहेत, कारण मला तेवढंच नीट माहीत आहे.

पहिल्या वर्षात कागद सांभाळा, निर्णय घेऊ नका

मायनं भावाच्या कपड्यांबरोबर त्याच्या फायलीही बांधून ठेवल्या होत्या. "ठेवून का करशीन? वैनगंगेत सोडून देऊ," म्हणाली. मी तिला कपडे नेऊ दिले, फायली धरून ठेवल्या. आयुष्यात घेतलेल्या मोजक्या बरोबर निर्णयांपैकी तो एक. तुम्हीही जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे सगळं एका पिशवीत घाला आणि उंदीर-पाण्यापासून दूर ठेवा. दवाखान्यात भरती असतानाचे केसपेपर तुमच्याकडे नसतील तर लेखी अर्ज करून मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे हे कागद ३ वर्षं जपायचे असतात आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. तीन वर्षं कशी निघून जातात ते दुःखात कळत नाही, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

दुसरं काम वहीचं. शेवटच्या आजारात काय झालं ते तासातासानं लिहून काढा. ताप किती वाजता आला, कोणती गोळी दिली, गाडी किती वाजता मिळाली, डॉक्टरांनी पहिल्यांदा हात कधी लावला. जे आठवत नाही तिथे जागा कोरी सोडा, अंदाजानं भरू नका. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. आमच्या घरात ताप आल्याची वेळ मायनं दिवेलागणीची सांगितली, बाबांनी जेवणानंतरची. मी दोन्ही लिहून ठेवल्या. पुढे कळलं की संशोधनात हेच करतात, एका गोष्टीला दोन साक्षीदार घेतात आणि फरक दडवत नाहीत.

नोकरी सोडणं, दुसऱ्या गावी ॲडमिशन घेणं, घर विकून फी भरणं, असलं काही पहिल्या वर्षात करू नका. दुसऱ्याच महिन्यात मी एमएस्सीचा फॉर्म भरला, पैसेही भरले आणि वर्ग सुरू झाल्यावर आठ दिवसांत परत आले. पुस्तकात 'सिकल' शब्द दिसला की पान पुढे जाईना. वर्ष गेल्यावरही तोच ध्यास कायम असेल तर तो खरा आहे असं समजा. नसेल, तर त्यात गेलेल्या माणसाशी बेइमानी काही नाही.

'का गेला?' हा संशोधनाचा प्रश्न होत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागतो. आपल्या मनातला प्रश्न असतो, 'तो का गेला?' त्याला उत्तर देणारी कुठलीही प्रयोगशाळा नाही. ज्याला उत्तर मिळू शकेल अशा प्रश्नात चार गोष्टी ठरलेल्या लागतात: कोणत्या लोकांबद्दल विचारतोय, त्यांच्यात काय वेगळं करणार किंवा काय मोजणार, कशाशी तुलना, आणि शेवटी काय बघणार.

एक उदाहरण मला पाठ आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात मॅरिलिन गॅस्टन नावाच्या इंटर्न डॉक्टरसमोर हात सुजलेलं एक बाळ आलं. वरिष्ठांनी सिकलची तपासणी करायला सांगितली. बाळाला सिकल होता आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला होता. ते बाळ त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पुढे त्यांनी साधा प्रश्न विचारला. सिकलच्या लहान मुलांना संसर्ग व्हायच्या आधीपासूनच रोज दोन वेळा पेनिसिलिनची गोळी दिली तर गंभीर संसर्ग कमी होतात का? २१५ मुलं घेतली, अर्ध्यांना पेनिसिलिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटात ११० पैकी १३ मुलांना गंभीर संसर्ग झाला, औषधाच्या गटात १०५ पैकी २ मुलांना. म्हणजे ८४ टक्के घट. फरक इतका ठळक होता की अभ्यास ८ महिने आधीच थांबवला, म्हणजे सगळ्यांनाच औषध देता येईल. १९८६ मध्ये हा निबंध आला आणि नवजात बाळांची सिकलची तपासणी करण्याला अर्थ आला, कारण आता तपासल्यावर करण्यासारखं काहीतरी हातात होतं.

यात कुठेही नवी मशीन नाही, नवं औषध नाही. पेनिसिलिन तेव्हाही जुनंच होतं. नवीन होता तो प्रश्न. नवीन औषध शोधणं म्हणजेच संशोधन असं आपल्याकडे फार जणांना वाटतं, आणि ते आपल्या आवाक्यातलं नाही म्हणून ते आधीच मागे फिरतात.

माझा प्रश्न तयार व्हायला दोन वर्षं लागली. आधी होतं, 'दवाखान्यानं माझ्या भावाला मारलं का?' कारण ज्या दवाखान्यात नेलं तिथे बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं होतं आणि तो राग माझ्या पोटात होता. मग झालं, 'सिकलच्या रुग्णांना दवाखान्यात वाईट वागणूक मिळते का?' तेही मोजता येईना. वाईट म्हणजे किती? शेवटी एमपीएचच्या मॅडमनी मला वही उघडायला लावली, ती तासातासाची, आणि म्हणाल्या, "तुझा प्रश्न इथेच लिहिलेला आहे." तो असा झाला: सिकलग्रस्त मुलाला ताप आल्यापासून अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळेपर्यंत किती तास जातात, आणि ते तास कुठे कुठे जातात?

सिकलमध्ये ताप हा वाट बघण्याचा आजार नाही. प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बाजूला असलेली स्प्लीन, रक्तातले जंतू गाळते. सिकलमध्ये कोयत्यासारख्या वाकड्या झालेल्या पेशी तिच्या बारीक वाटा बुजवतात आणि ती निकामी होत जाते. गाळणीच नसेल तर साधा संसर्गही काही तासांत रक्तात पसरतो. म्हणून तास मोजायचे.

तुमच्या बाबतीतही वहीत बघा. आई कॅन्सरनं गेली असेल तर 'कॅन्सर का होतो' हा प्रश्न जगातल्या हजारो लोकांवर सोडा. गाठ लागल्यापासून पहिली सुई टोचून तपासणी व्हायला किती आठवडे गेले, केमोचे डोस मधेच का चुकले, वेदना कमी करायला मॉर्फीन तालुक्यात मिळत होतं का, यातलं काहीतरी तुमच्या घरात घडलेलं असणार. तेच धरा.

आधी कोणी शोधलंय का ते बघा

प्रश्न मिळाला की हुरूप येतो, लगेच फॉर्म छापून सर्व्हेला निघावंसं वाटतं. थांबा आणि वाचा. पबमेड हे वैद्यकीय निबंधांचं कपाट कोणालाही फुकट उघडतं. निबंधाचा सारांश तिथे मिळतो, अनेकदा पूर्ण निबंधही. सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या ग्रंथालयातून बाकीचे मिळतात. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय आणि सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. भारतात कोणत्या औषधाची चाचणी चालू आहे हे सीटीआरआय या नोंदवहीत सापडतं. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून चाचणी तिथे नोंदवणं सक्तीचं आहे.

इंग्रजीची भीती वाटते हे मला माहीत आहे. माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतच झालं. पहिला निबंध वाचायला मला अकरा दिवस लागले. युक्ती एकच सांगते. सारांशानंतर थेट 'पद्धत' हा भाग वाचा: किती लोक, कसे निवडले, काय मोजलं. लेखकाचं मत शेवटी वाचा. तोवर तुमचं स्वतःचं मत झालेलं असतं. प्रत्येक निबंधाला वहीत एक पान द्या आणि मराठीत पाच ओळी लिहा. शंभर पानं झाली की तुम्ही त्या विषयातल्या कोणाशीही बोलू शकता.

वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. परदेशातलं उत्तर आपल्या गावाला जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही. आपल्याकडच्या सिकलच्या बहुतेक रुग्णांमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन, हिमोग्लोबिन एफ, जास्त उरतं आणि प्लीहाही जास्त वर्षं टिकते. त्यामुळे भारतातला सिकल सौम्य असतो असं बरीच वर्षं मानलं जायचं. विदर्भातल्या वॉर्डांत मुलं मात्र वारंवार भरती होत होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच त्रास जास्त असलेल्या मुलांमध्ये हायड्रॉक्सीयुरिया या सिकलवरच्या औषधाचा किलोमागे १० मिलिग्रॅम असा कमी आणि ठरलेला डोस तपासला. परदेशात हा डोस शरीराला सोसेल तिथपर्यंत वाढवत नेतात, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासत. आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायला एसटीनं कोण नेणार? कमी डोसनंही मुलांचे दुखण्याचे झटके घटले. २०१२ मध्ये तो निबंध आला, माझा भाऊ गेला त्याच सुमाराला. मी तो वाचला तेव्हा बराच वेळ बाहेर जाऊन बसले होते.

वाट कोणती धरायची

डॉक्टर नसाल तरी दार बंद नाही. भाऊ गेल्यावर मला सगळे म्हणत होते, संशोधन डॉक्टरांचं काम. प्रकल्पात एक डॉक्टर असतो आणि त्याच्याबरोबर टेक्निशियन, क्षेत्र कार्यकर्ते, डेटा एंट्रीवाले, संख्याशास्त्रज्ञ, समुपदेशक असे दहा जण. माझी सुरुवात प्रकल्पातली टेक्निशियन म्हणूनच झाली, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, हिच्या संस्थांच्या संकेतस्थळांवर अशा जागांच्या जाहिराती येत असतात. सिकलपुरतं बोलायचं तर मुंबईला परळमध्ये केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे आणि तिचं केंद्र आता आमच्या चंद्रपूरलाच झालंय.

नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' हा ऑनलाइन अभ्यासक्रम करा. ऐकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच फी असते. तो पुरा झाला आणि अजून शिकावंसं वाटलं तरच पदवीचा विचार करा. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला एमपीएचची वाट बऱ्याच ठिकाणी मोकळी असते. विज्ञानाची पदव्युत्तर पदवी असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेट देऊन पीएचडी. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, तिची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली आहे, वर घरभाडं. वयाची अट असते, स्त्रियांना आणि मागासवर्गीयांना सवलत मिळते, जाहिरात नीट वाचा. घरात कमावणारं माणूसच गेलं असेल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय फेलोशिपच्या भरवशावर नोकरी सोडू नका. पैसे मंजूर होऊनही हातात यायला महिने लागतात, हे मी आणि माझ्या मैत्रिणींनी सोसलेलं आहे. एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस विद्यार्थिवृत्ती १९७९ पासून चालू आहे, तिच्यासाठी प्रश्न आताच लिहून ठेवा.

यातलं काहीच जमणार नसेल, तर एक वाट फारशी कोणाला ठाऊक नाही. माणसांवरचं कुठलंही संशोधन नीतिमत्ता समितीच्या परवानगीशिवाय होत नाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषध चाचण्यांना परवानगी देणाऱ्या समितीत किमान ७ सदस्य लागतात, त्यात एक सामान्य नागरिक, म्हणजे वैद्यकीय क्षेत्राबाहेरचं माणूस, असावंच लागतं. हे माणूस शोधताना समित्यांची दमछाक होते. ज्यानं रात्री दोन वाजता वॉर्डाबाहेर उभं राहून न वाचता कागदावर सही केली आहे, त्याच्याइतकं संमतिपत्र कोणाला कळणार? जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीच्या सचिवांना पत्र लिहा, स्वतःबद्दल एक पान जोडा. आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक असे सदस्य झाले. पत्नी गेल्यानंतर. प्रत्येक बैठकीत ते संमतिपत्राचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवतात आणि जिथे अडखळतात तिथे ते बदलायला लावतात.

वाटेत बळ हवं असेल तर या रस्त्यानं आधी गेलेल्यांची आठवण ठेवा. सोनिया वल्लभ वकील होत्या. त्यांची आई २०१० मध्ये झोपच हिरावून घेणाऱ्या एका दुर्मीळ प्रायॉन आजारानं गेली आणि तोच जनुकीय दोष आपल्यातही आहे हे पुढच्या वर्षी कळलं. त्या आणि त्यांचे पती, दोघांनी आपापले व्यवसाय सोडून जीवशास्त्र शिकायला सुरुवात केली, पीएचडी केली आणि आज बोस्टनजवळ त्याच आजारावर औषध शोधत आहेत. नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार होता. त्या १९७९ पासून दरवर्षी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत जाऊन रक्ताचे नमुने आणि वंशावळी गोळा करत राहिल्या. १९८३ मध्ये जनुकाचा पत्ता लागला, खुद्द जनुक हातात यायला १९९३ उजाडलं. मधली दहा वर्षं लक्षात ठेवा.

काचेच्या नळीपुढे

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती तुमच्याही हातून होणार आहे.

सिकलची पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. नळीत २ मिलिलिटर द्रावण घ्यायचं. डायथायोनाइट असल्यामुळे त्याला जळक्या गंधकाचा वास येतो, बोटांना तो संध्याकाळपर्यंत राहतो. त्यात बोटातून काढलेलं २० मायक्रोलिटर रक्त सोडायचं, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. मग काळ्या रेघा ओढलेला कागद नळीमागे धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर सिकल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर आहे. एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे ग्रस्त, हे यातून कळत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या. रक्त फारच कमी असलेल्या माणसात ही चाचणी फसते. सहा महिन्यांखालच्या बाळातही फसते, कारण त्याच्या रक्तात अजून हिमोग्लोबिन एफच जास्त असतं.

शाळेच्या व्हरांड्यात शिबिर होतं. एका मुलाची नळी अर्धवट गढूळ दिसत होती. त्याची आई समोर उभी, पदराचं टोक तोंडात धरलेलं, अगदी माझ्या मायसारखी. मी नळी खिडकीकडे नेली. मग ट्यूबलाइटखाली नेली. कागद जरा जवळ धरला, रेघा दिसल्यासारख्या वाटल्या. 'निगेटिव्ह' लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात आमच्या सिनिअर टेक्निशियन बाईंनी माझ्या हातातून नळी घेतली, ठरलेल्या अंतरावर धरली आणि 'पॉझिटिव्ह' लिहिलं. मला ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी नळ्यांवर नावांऐवजी नुसते आकडे चिकटवायला लावले आणि वाचणाऱ्याचं टेबल खोलीत आत नेलं, जिथून रांग दिसत नाही. तो मुलगा पुढच्या तपासणीत एसएस निघाला. मी 'निगेटिव्ह' लिहिलं असतं, तर पुढच्या तापाला त्याची आई गोळी देऊन वाट बघत बसली असती.

दुःख प्रश्न शोधायला उपयोगी पडतं, तिथे त्याला खुशाल बसवा. मोजताना ते खोलीबाहेर ठेवा. यासाठी नियम आहेत आणि ते आपल्यासारख्यांसाठीच आहेत. विश्लेषण कसं करणार ते आकडे बघायच्या आधी लिहून ठेवा आणि मार्गदर्शकाची तारखेसह सही घ्या. शक्य तिथे मोजणाऱ्याला कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे कळू देऊ नका. ज्याच्या घरात हा आजार नाही असा एकतरी सहकारी जवळ ठेवा आणि तो नाही म्हणाला तर ऐका.

दुसऱ्याच्या घरात जाताना

संमती घेताना स्वतःची गोष्ट सांगू नका. मला हे फार जड गेलं. 'माझा भाऊही यातच गेला' म्हटलं की समोरची बाई लगेच हो म्हणते, पाणी देते, रडते. ती मग संशोधनाला हो म्हणत नसते, तुम्हाला नाही म्हणू शकत नसते. आधी माहितीपत्रक तिच्या भाषेत वाचा, नाही म्हणालात तरी उपचारांत फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगा, सहीची प्रत तिच्याकडे ठेवा. मूल सात वर्षांपेक्षा मोठं असेल तर त्यालाही विचारायचं असतं आणि ते नाही म्हणालं तर रक्त काढायचं नसतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सगळं आहे. काम संपल्यावर, चहा घेताना, वाटलं तर आपलं सांगा.

सिकलमध्ये आणखी एक जपावं लागतं. आई-बाप दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता मूल ग्रस्त होण्याची असते. मुलाचा रिपोर्ट सांगणं म्हणजे आई-बापाचाही सांगणं. सासूसमोर, शेजाऱ्यांसमोर सांगितला की पुढे सगळा दोष सुनेवर येतो आणि लहान बहिणीचं लग्न अडतं. नवरा-बायकोला एकत्र बसवा, दार लोटून घ्या. तुमच्या स्वतःच्या घरच्यांबाबतही हाच नियम. भावाची केस मला लिहून छापायची होती. बाबा नको म्हणाले. छापली नाही.

भावाच्या तिथीच्या आठवड्यात मी क्षेत्रकाम घेत नाही, सुरुवातीलाच प्रमुखांना सांगून ठेवते. एखाद्या घरात पाय उचलेनासा झाला तर जोडीदाराला आत पाठवते आणि गाडीपाशी थांबते. याची लाज बाळगू नका, पण आधी सांगून ठेवा, म्हणजे काम अडत नाही.

उत्तर मनासारखं आलं नाही तर

माझ्या प्रबंधात मला दवाखान्याचा बाक पकडायचा होता. आमच्या त्या लहानशा अभ्यासात बाकावरचे तास निघाले, खोटं कशाला सांगू, पण ते थोडे होते. सगळ्यात जास्त तास घरातच जात होते. ताप आला की पॅरासिटामॉल, मग सकाळपर्यंत बघू, मग गावातल्या खासगी डॉक्टरकडे एक इंजेक्शन, मग परत घरी. सिकलच्या मुलाचा ताप वेगळा, हे त्या घरांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या घरालाही नव्हतं, आणि मी तर लॅबमध्ये नोकरीला होते.

आकडे दोनदा मोजले, मग मैत्रिणीकडून मोजून घेतले. तेच आले. तेच लिहिले. तुमच्याही प्रबंधात असं होऊ शकतं: औषधाचा उपयोग दिसत नाही, ज्याच्यावर राग तो निर्दोष निघतो, किंवा काहीच फरक निघत नाही. तसंच लिहा आणि छापायला पाठवा. फरक निघाला नाही हेही पुढच्या माणसाची दोन वर्षं वाचवतं.

शेवटचं काम बरेच जण करत नाहीत: ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना निष्कर्ष परत जाऊन सांगणं. त्यासाठी आधीच अर्ध्या दिवसाचं नियोजन आणि गाडीभाडं धरून ठेवा. मी एका पानावर चित्रं काढून नेलं होतं, ताप, घड्याळ, दवाखाना. सहा गावांत सांगितलं. सहावं आमचंच. ग्रामपंचायतीच्या सभागृहात पंचवीस-तीस बाया आल्या होत्या. आशाताईंनी पुढच्या रांगेत सिकलच्या मुलांच्या आयांना बसवलं होतं. माय मागे भिंतीला टेकून बसली होती. मी सांगितलं, ताप आला की गोळी देऊन झोपवू नका, रात्र असली तरी निघा, सिकलचं कार्ड दाखवा, सिकल आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. एकीनं विचारलं, पैसे नसतील तर? १०८ ला फोन करायचा, हे आशाताईंनी सांगितलं आणि नंबर भिंतीवर लिहिला.

रात्री जेवणं झाल्यावर मायनं विचारलं, "आपल्याला किती तास लागले होते?"

वहीत होतं. ती वही मी घरात कोणाला दाखवलेली नव्हती. मी सांगितलं, चौदा. तिनं विचारलं, घरी किती? मी सांगितलं, नऊ.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, चित्रांचा तो कागद मागून घेतला, चार घड्या घातल्या आणि शेजारच्या गल्लीत गेली. तिथल्या एका घरात चार वर्षांची एसएस मुलगी आहे आणि तिची आई दुपारी शेतावर असल्यामुळे सभेला आली नव्हती.